खांद्यांची रेघ

दौंड,
दि. ६ सप्टेंबर १९९८

प्रिय गौतमीताई,
सप्रेम जयभीम.

इकडं आम्ही बरे आहोत. आप्पांचा गुडघा परत धरलाय, पण ऐकतात कुठं, सायकल काढतातच. भाकऱ्या आता मी करते. कडा फाटतात. आप्पा दुधात कुस्करून खातात. तळेगावला पाऊस कसा आहे? दाजींना आणि सासूबाईंना माझा जयभीम सांग.

आई गेल्यापासून चार महिने तुझं पत्र नाही. माझी दोन पोचली असतील. ती वाचली नसशील तरी हे वाच, बाई.

माझं कॉलेजचं दुसरं वर्ष सुरू झालं. सकाळची पॅसेंजर धरून पुण्याला जाते. यंदाही माणसांची स्केचेस आहेतच. आमचे सर म्हणतात, नाक-डोळे राहू देत, एका मिनिटात माणूस कागदावर आला पाहिजे. आधी कण्याची एक रेघ, मग खांद्यांची आडवी, मग कमरेची. हात सैल सोडायचा. खोडरबर पिशवीतून काढायचाच नाही. अशी रोज वीस.

गेल्या वर्षी रोज वीस मी कुणाची काढणार? आईचीच. ती भांडी घासायची, कपडे वाळत घालायची, आणि मी वही घेऊन उंबऱ्यात. मधेच वाकून बघायची आणि म्हणायची, "अगं, माझं नाक कुठंय? पुण्याला जाऊन हेच शिकती व्हय?" शेजारच्या सिंधूबाईंना हाक मारून दाखवायची, "बघा, ही मी हाय. बिनतोंडाची!" मग दोघी तोंडाला पदर लावून हसायच्या.

परवा सरांनी ती वही मागितली म्हणून ट्रंकेतून काढली. पानापानावर तारीख आहे. जुलैत आईच्या खांद्यांची रेघ सरळ आहे. ऑगस्टच्या शेवटी डावी बाजू जराशी उतरलीय. सप्टेंबरात आणखी. ऑक्टोबरात डावं कोपर बरगडीला चिकटलेलंच. दोरीवर साडी टाकतेय ती एका हातानं, पीठ मळतेय तर सगळा भार उजवीकडं. सगळं काढलंय गं मी. माझ्याच हातानं.

आईच्या जलदान विधीला सगळ्या बायांसमोर तू विचारलंस, "तू घरात होतीस ना गं? तुला दिसलं न्हाई?" मी तोंड वर करून म्हणाले, आईनंच लपवलं, आम्हाला काय ठाऊक. त्या दिवशी मला ते खरं वाटत होतं. आता वाटत नाही.

आणि एवढंच नाही. नोव्हेंबरात सरांनी एका स्केचला गोल करून लिहिलं, 'खांदे चुकले.' मला असला राग आला! रविवारी आईला दोरीपाशी उभं केलं. म्हटलं, दोन्ही हात वर कर, खांदा सरळ धर, तुझ्यापायी माझी चित्रं बिघडतात. ती म्हणाली, "आज ऱ्हाऊ दे की, दीक्षा." मी ऐकलं नाही. एक मिनिट तर उभी राहा म्हणून तिच्यावर ओरडले.

ती राहिली, ताई. डावा हात वर धरून, हलली नाही. तोंड तेवढं भिंतीकडं फिरवलं होतं, आणि मला तोंड काढायचंच नव्हतं.

काखेतली गाठ जानेवारीत कळली. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात.

वही सोबत पाठवतेय. सरांना हरवली म्हणून सांगितलं. १६ नोव्हेंबरचं पान काढ. दोन्ही खांदे एका रेघेत आहेत, खाली सरांची लाल पेन्सिल, 'छान'. साऱ्या वहीत तेवढं एकच चित्र खोटं आहे. ते फाडावंसं वाटलं, पण तिनं त्यासाठी हात वर धरला होता. नाही फाडवलं.

आप्पांना यातलं काही सांगितलेलं नाही. तुला सांगतेय, कारण विचारलं होतंस तूच. मला शिव्या दे, दारात उभं करू नकोस, पण एकदा बोल माझ्याशी. आईसारखं "दीक्षा" म्हणणारं आता तुझ्याशिवाय कोण आहे मला?

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला चार महिने लागले. दिसलं होतं, ताई.

तुझीच,
दीक्षा