दहा मिनिटं आधीची घंटा

८ जानेवारी

ठरलं. बारा तारखेला, पाचवा तास, आठवी ब. विषय इंग्रजी व्याकरणातलं जेरंड. मोठ्या बाई मागे बसून पाठ बघणार. जागा एक आणि इंग्रजीच्या तात्पुरत्या शिक्षिका दोघी. जिचा पाठ सरस ती कायम. दुसरीनं उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर यायचं नाही.

निरोप घेऊन अण्णाच आले. "मॅडम, मोठ्या बाईंनी बोलावलंय." वडील मला मॅडम म्हणतात – वर्ष होत आलं, सवय होत नाही. ते शाळेचे शिपाई, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी काहीच म्हणत नाही, नुसती मान हलवते. घंटा तेच देतात, एकतीस वर्षं. मास्तर लोक अण्णांच्या टोल्यावर घड्याळं लावतात.

१० जानेवारी

मुलांना वाटतं, शेवटी आयएनजी दिसलं की चालू काळ. 'शी इज स्विमिंग' – ती पोहते आहे, बरोबर. पण 'स्विमिंग इज गुड एक्सरसाइज' यात कुणीच पोहत नाहीये. पाणीसुद्धा नाही. पोहणं ही एक वस्तूच झाली, खुर्चीसारखी. क्रियापद निघालं आणि नाम होऊन बसलं. आपल्या पोहणं, वाचणं, झोपणं यांसारखंच.

हे मी सांगणार नाही. त्यांचं त्यांना सापडलं पाहिजे. माझ्याबरोबरची दुसरी शिक्षिका म्हणाली, "व्याख्या लिहून दे, पाच उदाहरणं दे, मोकळी हो. मोठ्या बाईंना वह्या भरलेल्या आवडतात." नाही. प्रश्न विचारायचा आणि मनात तीसपर्यंत मोजायचं, कितीही जड गेलं तरी.

११ जानेवारी

आईला समोर बसवून पाठ घेतला. ती उसवलेली उशी शिवत होती. "क्रियापद नामाचं काम करतंय? मग त्याचं स्वतःचं काम कोण करतं?" हसले. मग प्रश्न विचारून थांबले, तर दहाच्या आतच – "का गं, विसरलीस?"

"विसरले नाही. मुलांना विचार करायला वेळ देते आहे."

"मग तसं तोंडावर दाखव तरी. अगदी सातवीतल्या भाषणात दिसलीस तशी दिसतेस."

सातवीत मी व्यासपीठावर अडकले होते. एक शब्द आठवेना. अण्णा मंडपाच्या दाराशी उभे होते. त्यांना काहीच करता आलं नव्हतं.

अण्णा आज उशिरा आले. शाळेत बाक हलवत होते. उद्या पाठ कसा घेणार ते त्यांना सांगायचं राहिलं.

१२ जानेवारी

काय लिहू.

पाठ चांगला चालला होता, हे मला ठाऊक आहे. फळ्यावर लिहिलं – 'शी हेट्स वेटिंग.' विचारलं, "या वाक्यात आत्ता कुणी थांबलंय का?" सगळा वर्ग गप्प. मी फळ्याकडे बघत मोजत होते. सत्तावीस, अठ्ठावीस. मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची, वर्षभर तोंड न उघडलेली मुलगी उभी राहिली. "कुणी थांबलेलं नाही, बाई. थांबणं ही नुसती –"

घंटा. दहा मिनिटं आधी!

शेजारचे वर्ग मधल्या सुट्टीसाठी बाहेर सुटले, गलका झाला. ती मुलगी बसली. मोठ्या बाईंनी वही मिटली. "धडा अर्धाच राहिला तुमचा."

शिक्षककक्षात आले तर अण्णा पाण्याचे पेले ठेवत होते. सगळे बसलेले. माझ्या तोंडून निघालं, "मामा, घड्याळ बघता येत नाही का तुम्हाला?"

मामा म्हणाले मी. पहिल्यांदा.

ते म्हणाले, "चुकलं, मॅडम."

१३ जानेवारी

अण्णांना लेखी समज मिळाली. एकतीस वर्षांत पहिली. उन्हाळ्यात निवृत्त होतायत.

१९ जानेवारी

फलकावर निकालाचा कागद लागला. दुसरी कायम. माझ्या पाठाबद्दल शेरा – 'वर्ग बराच वेळ निष्क्रिय. घटक अपूर्ण.' दुसरी म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस गं." घेतलं.

२० जानेवारी

आईनं आज सांगितलं. त्या दिवशी अण्णा माझ्या वर्गाच्या खिडकीपाशी उभे होते. मी गप्प, नजर फळ्यावर, वर्ग गप्प, मोठ्या बाई बघतायत. ते घंटेकडे पळत गेले. आईला म्हणाले, "समज मिळाली तर मिळू दे. पोरगी पुन्हा अडकली होती. या वेळी मला काहीतरी करता आलं."

रात्री जेवताना मी म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी मी पार अडकले होते. बरं झालं, घंटा दिलीत."

अण्णा दोन घास जास्त जेवले.