पळसाच्या बिया

परभणी, २ ऑगस्ट १९९९

ती. सारजाआत्यास,
हर्षदाचा सा. न. वि. वि.

तू एसटीनं पाठवलेल्या पळसाच्या बिया मिळाल्या, पण बातमी चांगली नाही. त्यांची पूड जंत झालेल्या कोकरांना दिली आणि लेंडीतली जंताची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजली. अंडी होती तेवढीच. सर म्हणाले, पंधरा दिवसांत प्रबंधासाठी दुसरा विषय सांग. मी सांगितलं की माझ्या आत्यानं याच बियांवर कळप जगवलाय. ते हसले नाहीत, पण प्रबंधात आत्या चालत नाही, आकडा लागतो, म्हणाले.

शिरूरला आप्पांना अजून कळवलेलं नाही. तू खरंच याच बिया देत होतीस ना? रागावू नकोस.

तुझी माया अशीच राहू दे.
हर्षदा

भांडगाव, ८ ऑगस्ट १९९९

चि. हर्षदास,
आत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू. अगं, बिया सालीसकट कुटल्यास व्हय? आधी पाण्यात भिजवायच्या, लाल साल नखानं सोलायची, आतला गर सावलीत वाळवायचा आन् मग कुटायचं. गुळात कालवून कोकराला सकाळी उपाशीपोटी द्यायची, तीन दिस.

चूक माझीच हाय. तू शिकलेली, तुला काय सांगायचं, असं वाटलं. आन् मला आजवर कुणी इचारलंच न्हाई, तवा सांगायची सवयबी न्हाई. बहात्तर साली तुझ्या आप्पाची कोकरं ढाळत व्हती, ती याच पुडीनं उठली.

नवी पिशवी धाडते. सोलायचं काम दुसऱ्यावर टाकू नको. सरांना म्हणावं, आत्यानं अजून थोडं दिस मागितल्यात.

पोटभर जेवत जा. माया हाय, ती वाढू दे.
सारजाआत्या

परभणी, ३० सप्टेंबर १९९९

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तू मागितलेले दिवस सरांनी दिले. सोलून सोलून माझी नखं लाल झाली. पण ऐक. ज्या कोकरांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्याशी ताडून पाहिलं, तर शंभरातली सत्तर अंडी कमी. कंपनीच्या औषधाइतकं नाही, तरी सरांना वाटलं माझी मोजणीच चुकली. त्यांनी स्वतः पुन्हा मोजली. तोच आकडा आला.

पद्धतीच्या प्रकरणात ‘स्थानिक मेंढपाळांकडून माहिती’ असं लिही, म्हणाले. मी लिहिलं, ‘सारजाबाई कोळपे, भांडगाव, ता. दौंड.’ सरांनी ते खोडलं नाही.

आप्पांना आता सांगितलंय. लोभ आहेच, पत्रही येऊ दे.
हर्षदा

भांडगाव, १४ मे २०००

चि. हर्षदास अ. उ. आ.

तुझा प्रबंध आला. इंग्रजी मला कळत न्हाई. शाळेतल्या इशरतबाईंनी माझ्या नावावर बोट ठेवून दावलं. तुझे आप्पा शिरूरहून मुद्दाम आले आन् कुणी मागितलं नसताना ते पान सगळ्यांना दाखवत बसले. माझा संपत रांजणगावहून शिफ्ट करून आला, तर त्याला हातपाय धुवूबी दिलं न्हाई.

पण खरी गोष्ट निराळीच हाय. जनावरांचे डॉक्टर एवढी वर्षं यायचे, सुई टोचायचे, जायचे. काल खाटेवर बसले, पेन काढलं आन् मला इचारलं, गाभण मेंढीला ही पूड किती द्यायची. मी म्हणाले, अजिबात न्हाई, ती गाभडते, पोटातलं कोकरू पडतं. त्यांनी लिहून घेतलं.

ते गेल्यावर इशरतबाईंना इचारलं, हे हर्षदाच्या बुकात हाय का. त्यांनी सगळं चाळलं आन् न्हाई म्हणाल्या.

तवा तूबी लिहून घे.

तुझ्यावर जीव असलेली,
सारजाआत्या