जयूताई, आज संवेगाचं गणित आलं होतं

प्रिय जयूताई,

आज फिजिक्सचा पेपर झाला. पेपरानंतर घरी जे झालं ते तुमच्याशिवाय सांगणार कुणाला? घाईत लिहितेय, अक्षर समजून घ्या.

तुम्हाला जाऊन पाच महिने झाले, आणि या पाच महिन्यांत मी फक्त घाबरलेय. फिजिक्सला, आईंना, आणि एका गोष्टीला, जी मी आजवर तोंडातून काढली नव्हती.

मी साताऱ्याकडची. अकरावी सायन्स अर्धवट सोडून लग्न करून या घरात आलेली तुमची भावजय. अकरावीत एकदा सरांनी गणित सोडवायला फळ्यासमोर उभं केलं, खडू हातातून पडला, वर्ग हसला. तिथून जी गणितं सोडली ती सोडलीच. मी तुम्हाला हे भांडी लावता लावता सहज सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी तुम्ही मुक्त विद्यालयाचा फॉर्म घेऊन आलात! "बारावी कर. मंग एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स करता येल." विचारलंत तरी का मला?

मग रोज दुपारची ती पाऊण तासाची शिकवणी. तुम्ही शाळेत शिकवून यायचात, संध्याकाळी क्लासची मुलं यायची, आणि मधली ती वेळ तुम्ही मला दिलीत. कशाला दिलीत, ताई?

उणे चिन्ह दिसलं की माझं डोकं बंद व्हायचं. तुम्ही म्हणायचात, "घाबरतेस कनाला? उने चिन्ह हाय ते, इचू नाय!" एकदा तर तुम्ही भाकरीच्या पिठाचा गोळा फट्कन भिंतीवर मारलात. तो चिकटला. मग घरातल्या छोट्या स्वराचा रबरी चेंडू मारलात. तो परत आला. "सांग, भिंतीला जास्त जोरान कोन लागला?" मी म्हटलं, पीठ. तुम्ही हसत सुटलात. "अगं, पीठ नुसता थांबला. चेंडू थांबला आनि उलटा पन गेला. संवेग दोन्ही वेला बदलला ना? आदी बाण काढ. जायाचा एक, येयाचा एक." आतून आई ओरडल्या, "दोघींनी पिठाची नासाडी लावलीय!" आठवतंय?

आणि त्यानंतर महिन्याभरात शाळेतच तुम्ही कोसळलात. डोक्यातली नस फुटली म्हणाले. दोन दिवस, आणि संपलं.

दहाव्याला येणाऱ्या बायकांना आई एकच सांगत होत्या, "शिकवून शिकवून डोका फुटला माझ्या पोरीचा. दुपारची घडीभर पाठ टेकू दिली नाय कुनी." मी चहा देत होते. हातातला ट्रे कसा धरला मलाच माहीत. दुपारची पाठ टेकू न देणारी मीच होते ना? डॉक्टर म्हणाले, नस आधीपासून कमजोर असते, कुणाचा दोष नसतो. पण भीतीला डॉक्टर कुठे समजतो?

फॉर्मचं आईंना माहीतच नव्हतं. ह्यांना माहीत होतं, पण आईंपुढे तेही गप्प. मी पहाटे नळाला पाणी यायच्या आधी उठून गणितं करायचे, आईंची चाहूल लागली की वही ओढणीखाली. आपल्याच घरात चोरासारखी! आज सकाळी "दाताच्या डॉक्टरकडे जाते" असं खोटं बोलून खारघरला सेंटरवर गेले.

हॉलमध्ये पेपर हातात आला. तिसराच प्रश्न. दोनशे ग्रॅमचा चेंडू, सेकंदाला पंधरा मीटर वेगाने भिंतीवर आदळतो, दहा मीटर वेगाने परत येतो, स्पर्शाचा वेळ पाच शतांश सेकंद. सरासरी बल किती? मी पंधरातून दहा वजा केले. वीस न्यूटन. लिहिलं, आणि कानात वर्गाचं ते जुनं हसू घुमायला लागलं. घाम फुटला. पुढचे प्रश्न दिसेनात. सुपरवायझर माझ्याहून लहान मुलगी होती. म्हणाली, "मॅडम, बरं नाही का? बाहेर जायचंय?"

हो म्हणणारच होते, ताई. खरंच उठत होते.

मग वाटलं, उठण्याआधी निदान बाण काढू. एक भिंतीकडे, एक उलटा. पंधरा तिकडे, उणे दहा इकडे. बदल पाचाचा नाही. पंचवीस! शंभर न्यूटन. वीस खोडले. बाकीचा पेपर कसाबसा लिहिला. पास होईन का? माहीत नाही. दोन प्रश्न कोरे सोडलेत.

घरी आले तर आई ओटीवर सुका जवळा निवडत बसलेल्या. "काय सांगला डाक्तरनी?" पुन्हा खोटं जिभेवर आलं होतं. पण नाही बोलवलं. त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. पेपर, फॉर्म, पहाटेची वही. आणि शेवटी तेही. "आई, ताईंची दुपार मी खाल्ली."

आई सुपातला जवळा इकडून तिकडे करत राहिल्या. मला वाटलं आता सूप अंगावर येणार, नाहीतर 'चालती हो' म्हणणार. 

मग वर न बघताच त्यांनी विचारलं, "तुला शिकवायची तवा हसायची का गं ती?"

"हो," मी म्हटलं. "खूप हसायच्या."

"शालंतून येयाची तवा तोंडावर पानी नसायचा तिच्या. आमच्याशी दोन शब्द नाय." आईंनी पदराने डोळे पुसले. "तुझ्याबरोबर हसत व्हती म्हनजे... मंग बरा."

ताई, त्यांनी मला माफ केलं की नाही, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. उठून त्यांच्यासाठी चहा ठेवला आणि त्यांनी तो घेतला.

सोमवारी प्रॅक्टिकल आहे. अनोळखी लॅब, अनोळखी सर, समोर उभं राहून तोंडी उत्तरं.  भीती जाईल असं वचन नाही देत, ते मला जमणार नाही. पण सोमवारी मी आईंना सांगून, पुढच्या दारातून जाईन. आणि नापास झाले तर पुन्हा बसेन. एवढं नक्की.

तुमची भित्री भावजय,
अश्विनी