मुळांजवळ फक्त बोटं

१६ जून
धातू शोधायचं मशीन घेऊन पार्कात शिरते न शिरते तोच हटकलं! पार्कचा माणूस, शर्टावर नाव लेस्ली. "परमिशन आहे का, मॅडम?" मी "अगं बाई!" म्हटलं, तर हसून मराठीतच— "बाई, सिटीला ईमेल करा. त्याशिवाय नाही चालायचं." आजोळ रेवदंड्याचं म्हणे, बेने इस्राएल, आपले कोकणातले ज्यू. ओळख निघाली, पण आत काही सोडलं नाही.

ब्रॅम्पटनमध्ये वड कुठून आणणार? म्हणून वटपौर्णिमेला मीच सुनेला, ईशिताला, ओढत नेलं, इथल्या मेपलला सूत गुंडाळायला. तिथेच तिची लग्नातली अंगठी पडली. तेव्हापासून पोरगी गप्प आहे. माझा लेक उन्मेष महिनाभर कामासाठी ओटावाला, पण रोज फोनवर तिला बोलतो— "एक अंगठी सांभाळता येत नाही?" माझ्या हट्टापायी गेली, मीच शोधून देणार.

१९ जून
परवानगी आली!! अटी भरपूर. हिरवळ झाकणासारखी उचलायची, परत बसवून थोपटायची. निघेल तो कचरा आपण न्यायचा. झाडाच्या मुळांजवळ खुरपं नाही, फक्त बोटं.

२१ जून
बाटल्यांची बुचं, खिळे, एक चमचा. लेस्ली माझे बुजवलेले खड्डे शोधत फिरले, एकही दिसेना. "शाब्बास, बाई!" अंगावर मूठभर मांस चढलं.

२४ जून
सापडली! मेपलच्या मुळाशी, चार बोटं खोल. नखं मातीने भरली, पण अंगठी लखलखीत. लेस्ली म्हणाले, "इतक्यात एवढी खोल जात नाही, बाई." न जायला काय झालं? पाणी काय कमी मारतात इथे?

उन्मेषला सांगितलं नाही. शुक्रवारी आला की दोघांसमोर ठेवीन. मग बघू काय बोलतो ते. आज मी फार खूश आहे.

२६ जून
राहवेना. ईशिताच्या तळहातावर ठेवली. तिने मूठ मिटलीच नाही.

"आई, हरवली नव्हती. मी पुरली होती. तुम्ही सात जन्म मागायला लावलेत. मला हा एकच जड झालाय."

फोनवरचं त्याचं बोलणं मी रोज ऐकत होते. मला ते अंगठीपुरतंच वाटत होतं.

२७ जून
उन्मेष आला. बूट काढता काढताच— "मिळाली का?"

"नाही," मी म्हटलं.

सकाळी आम्ही दोघींनी ती परत पुरली, हिरवळ थोपटून बसवली. लेस्लींनासुद्धा दिसणार नाही.