अर्धा सूर खाली उतरलेला पियानो

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. धंद्यातून मी निवृत्त झाले असे घरचे म्हणतात, पण माझ्या खुर्चीवर कोणाची ना कोणाची उसवलेली पँट पडलेली असतेच. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण त्यांना वारस नेमावा लागत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असलाच तर तो हे न लिहिण्याचा होता, कारण मुलगा फोनवर म्हणाला, "आई, कशाला असलं काहीतरी लिहीत बसतेस?" याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात मी सगळे माझ्या यजमानांना दिले होते. ते माझ्याआधी गेले, तेव्हा तो कागद रद्द समजावा.

हे लिहायला बसले याचे कारण डॉक्टर. ते म्हणाले, हृदय थकले आहे, आठवड्यातले दोन दिवस तरी नुसते बसून काढा. मी त्यांना माझा आठवडा सांगितला. सोमवारी आणि गुरुवारी माझ्या बाहेरच्या खोलीत पोरांचा वाद्यवृंद. मंगळवारी चर्चमधले पितळ घासणे. बुधवारी गायकवृंदाची तालीम. शुक्रवारी धाकट्या नातवंडांना शाळेतून आणणे आणि घरी पोचेपर्यंत त्यांची भांडणे सोडवणे. शनिवारी सगळे घर जेवायला. रविवारी उपासना. डॉक्टरांनी विचारले, "मग तुम्ही बसता कधी?" मी म्हटले, "उपदेश चालू असतो तेव्हा. लांबला तर चांगली बसते." ते हसले नाहीत. म्हणून घरी येताना कागद घेऊन आले.

कलम एक. माझे राहते घर, म्हणजे बाहेरची खोली, स्वयंपाकघर, मागची झोपायची खोली आणि जिन्याखालची शिवणाची जागा, मुलगा आणि मुलगी यांना समसमान. विकायचे असेल तर विकावे. भिंतींत जीव अडकवायची हौस माझी होती, त्यांना तिचे ओझे नको. गिऱ्हाइकाला मात्र खरे सांगावे की न्हाणीघराचे दार पावसाळ्यात लागत नाही, खांद्याने ढकलावे लागते.

कलम दोन. शिवणयंत्र सुनेला. मोठी कात्री मुलीला. सुनेने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझ्या कापडाच्या कात्रीने वर्तमानपत्र कापले होते. मी तिच्याशी अबोला धरला, पण तो तिच्या लक्षातच आला नाही, म्हणून मला तो सोडावा लागला. सून गुणी आहे. तरीही कात्री मुलीला.

कलम तीन. बँकेत जे काही असेल त्यातून माझ्या अंत्यविधीचा खर्च भागवावा आणि उरलेले नातवंडांच्या शिक्षणाला लावावे. यात लिहिण्यासारखे फार नाही.

कलम चार. हे चर्चच्या कारभाऱ्यांबद्दल आहे. ते माझ्या यजमानांचे जिवलग मित्र. यजमान चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आणि कारभारी शेजारी उभे राहून त्यांची पाने उलटत. आमच्या घरी ते न विचारता स्वयंपाकघरापर्यंत येत. अशा माणसावर मी राग धरून आहे, तो का धरला हे कागदावर यायला हवे.

आमच्या वाद्यवृंदात डझनभर पोरे आहेत. व्हायोलिन, गिटार, एक चेलो आणि एक ढोल, जो मी दुपारच्या वेळी रजईखाली वाजवायला लावते. माझी नात, मुलीची मुलगी, वय सोळा, सगळ्यांच्या पुढे उभी राहून व्हायोलिन वाजवते. खोलीत शिरताना प्रत्येकाने फोन माझ्या दोऱ्यांच्या टोपलीत टाकायचा, हा यजमानांचा नियम. ते म्हणत, सूर कानाने लावायचा, यंत्राला विचारून नाही. म्हणून सगळी पोरे आमच्या पियानोवरून सूर लावतात. ते गेल्यावरही मी टोपली दारातच ठेवली.

यजमान गेल्यानंतर एका रविवारी पोरांना उपासनेत नव्या वादकाच्या ऑर्गनच्या साथीने वाजवायचे होते. ती माझ्या घरी सूर लावून, नीटनेटकी होऊन, रांगेने चर्चमध्ये गेली. तिथे पुन्हा एकदा सूर पाहतो म्हणाली, तर कारभारी म्हणाले, "प्रार्थनेच्या आधी ही कुईकुई नको. थेट वाजवा." पोरांनी थेट वाजवले. ऑर्गन एकीकडे, पोरे दुसरीकडे. लोकांनी माना खाली घातल्या, माझ्या पुढच्या बाकावरच्या बाईंनी तर कानावर हात ठेवले. दुसऱ्या कडव्यापर्यंत कारभाऱ्यांनी धीर धरला, मग पुढे येऊन हात वर केला आणि म्हणाले, "पुरे. या पोरांना कान नाहीत." नातीकडे वळून म्हणाले, "तू पुढे उभी असतेस ना? तुला तरी कळायला हवं होतं." भर चर्चमध्ये, सगळ्यांसमोर. आणि पुन्हा इथे वाजवायचे नाही, असेही वर सांगितले.

त्या दिवसापासून नातीने व्हायोलिनची पेटी उघडलेली नाही. ती सोमवारी, गुरुवारी येते. खुर्च्या लावते, फोन गोळा करते आणि जिन्यावर जाऊन अभ्यासाचे पुस्तक उघडून बसते. पान उलटल्याचा आवाज मला कधी ऐकू आला नाही. मी कारभाऱ्यांशी बोलणे बंद केले. मंगळवारी आम्ही एकाच चर्चमध्ये, मी पितळ घासते, ते खिडक्या पुसतात, आणि दोघेही घशात काहीतरी अडकल्यासारखे खाकरतो.

कलम पाच. पियानो. मालमत्तेत लिहायचा तर त्याची अवस्था काय आहे ते कळावे म्हणून मी गेल्या गुरुवारी पियानो दुरुस्त करणाऱ्याला बोलावले. यजमान गेल्यानंतर एकदाच तो येऊन गेला होता. त्याने खिशातून सूर पाहायचा दोन दातांचा काटा काढला, गुडघ्यावर वाजवला, मग पियानोची पट्टी दाबली. पुन्हा काटा, पुन्हा पट्टी. मग डोके खाजवत म्हणाला, "आजी, हा अर्धा सूर खाली आहे."

मी म्हटले, "म्हणजे बिघडला?"

"बिघडला नाही, मीच उतरवलाय. तारा फार जुन्या आहेत, वर ताणल्या असत्या तर तुटल्या असत्या. तुम्हांला म्हणालो होतो, थोडा खाली ठेवतो म्हणून. सगळा पियानो सारखा उतरवलाय, त्यामुळे एकटा वाजवला तर कळत नाही."

म्हणाला होता खरा. घरात तेव्हा भेटायला आलेल्यांची रीघ होती, आणि खाली म्हणजे काय हे मला कुठे ठाऊक. मी खुर्चीत बसले. मग त्या रविवारचे त्याला सांगितले. तो म्हणाला, "मग पोरं बेसूर नव्हतीच की. सगळीच्या सगळी एका सुरात होती, फक्त ऑर्गनच्या सुरात नव्हती." मला रडू आले. दुःखाने नाही. डझनभर पोरांनी माझ्या म्हाताऱ्या पियानोवर इतका विश्वास टाकला होता आणि इतका अचूक, त्याचे रडू आले.

मी लगेच जिन्यावर जाऊन नातीला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "आजी, तू माझी समजूत काढायला सांगतेयस." मी म्हटले, दुरुस्तीवाला आत बसलाय, त्याला विचार. ती म्हणाली, "तोही तुझंच ऐकणार. सगळे तुझं ऐकतात." हे खरे आहे.

तर पियानो मुलीला, आणि त्याच्याबरोबर येणारी पोरेही तिलाच. शनिवारी जेवताना मी तिला विचारले. तिने नवऱ्याकडे पाहिले, नवऱ्याने ताटाकडे पाहिले, आणि मग हो म्हणाली. ढोलासाठी रजई मी देईन. पियानोच्या तारा ताणू नयेत. आहे त्या सुरात त्याला म्हातारा होऊ द्यावा.

कलम सहा. माझा आठवडा. सोमवार आणि गुरुवार वर दिलेच. बुधवारची गायकवृंदातली खालच्या आवाजातली माझी जागा जिचा आवाज बसका असेल तिला द्यावी आणि तिला त्याची लाज वाटू देऊ नये. शुक्रवारची शाळा जावयाला, त्याला चालण्याची गरज आहे. मंगळवारचे पितळ चर्चच्या कारभाऱ्यांना. तेच या कागदाचे एक साक्षीदार असणार, आणि वकील म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. पितळ घासणे ही देणगी ठरत असेल तर कायद्याने बघून घ्यावे.

कलम सात. नात वापरते ते व्हायोलिन माझ्या शिवणाच्या पैशांतून घेतलेले आणि माझ्या मालकीचे आहे. माझ्या हयातीत तिने ते पुन्हा हाती घेतले नाही, तर ते वाद्यवृंदातल्या सर्वांत लहान मुलीला द्यावे. वाद्य पेटीत पडून राहिले की मरते.

कलम आठ. माझ्या अंत्यविधीत पोरांनी वाजवावे. कारभाऱ्यांची मनाई त्या दिवसापुरती उठवावी. ऑर्गन बंद ठेवावा आणि पोरांनी माझ्या पियानोचा सूर लावून यावे. सगळ्यांनी अर्धा सूर खाली गावे. माझ्या वयाच्या बायकांना ते सोपेही जाईल.

साक्षीदारांविषयी. एक पियानो दुरुस्त करणारा. दुसऱ्यासाठी मी शुक्रवारी चर्चमध्ये जाऊन, इतक्या दिवसांचे मौन मोडून, कारभाऱ्यांना अर्ध्या सुराची हकिगत सांगितली. ते खिडकी पुसत राहिले. मी म्हटले, "सोमवारी दुपारी या. मृत्युपत्रावर सही हवी आहे. तुमच्यावर त्यात एक कलम आहे."

"चांगलं की वाईट?"

"येऊन वाचा."

सही करण्याआधी वाढवलेला मजकूर. आज सोमवार. मी आणि दुरुस्तीवाला स्वयंपाकघरात कागद घेऊन बसलो होतो. बाहेर पोरे जमत होती. कारभारी आले, ते दारातच थबकले. मला वाटले टोपली पाहून थबकले. त्यांनी खिशातून फोन काढून टोपलीत ठेवला. मग नात बसली होती त्या जिन्याच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिले. मधले दार उघडे होते, त्यामुळे मी ऐकले.

ते म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हांला सूर लावायला वेळ दिला नाही. आता लाव. मी थांबतो."

आमचा चहा निवला. दुरुस्तीवाला काहीतरी बोलायला गेला, त्याला मी डोळ्यांनी दटावले. मग जिना करकरला, पेटीच्या कड्या उघडल्याचे ऐकू आले, कोणीतरी पियानोची पट्टी दाबली, आणि तिच्या मागोमाग व्हायोलिनची तार, आधी जरा वर, मग जरा खाली, मग बरोब्बर तिथे.

कारभारी स्वयंपाकघरात आले. डोळे पुसायला त्यांना खिशात खिडकी पुसायचे फडकेच सापडले. कलम चार त्यांनी उभ्यानेच वाचले आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंय. सही कुठे करू?"

कलम सात मी रद्द करत आहे. व्हायोलिन नातीचे आहे, आजपासूनच, माझ्या मरणाची वाट न पाहता. खोडलेल्या ओळीवर माझी आणि दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरे आहेत. बाकी सर्व कलमे कायम, कलम चारही कायम, कारण घडले ते घडले. त्यांच्यावरचा राग मात्र माझ्या मालमत्तेत आता शिल्लक नाही, तो कोणी शोधू नये.

आम्ही दोघांनी आजींना आमच्यासमोर सही करताना पाहिले. त्या शुद्धीत होत्या आणि पायाने ताल धरत होत्या.

साक्षीदार पहिला: पियानो दुरुस्त करणारा (सही)
साक्षीदार दुसरा: चर्चचे कारभारी (सही)

लिहून ठेवणारी: आजी (सही)

स्थळ: माझे स्वयंपाकघर, मधले दार उघडे.
दिनांक: आजचा सोमवार, पोरे पहिल्या कडव्यावर असताना.