टोपीवरची पिशवी

मुलुंड, १२ ऑक्टोबर १९८६, दसरा

गाडी संध्याकाळी चालू झाली एकदाची. तरी मला चैन नाही.

सकाळी अप्पांनी पूजेसाठी त्यांची लाडकी जुनी गाडी धुतली. बॉनेट उघडून आतसुद्धा पाइपने पाणी मारलं. हार घातला, नारळ फोडला, आणि किल्ली फिरवली तर नुसतं घर्र घर्र. धक्का मारून पाहिला, तरी नाही. सुहास सगळ्या सोसायटीसमोर म्हणाला, "अप्पा, वाट लागलीय हिची. विकून टाका आता." असं बोलतात वडिलांना? सणाच्या दिवशी? अप्पा हाराची फुलं सारखी करत बसले.

दुपारी सगळे झोपल्यावर मीच बॉनेट उघडलं. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली तर आत पाणी! मग इंजिनात ठिणगी पडणार कुठून? सासरी आल्यावर अप्पांनीच शिकवलंय मला, गाडी धुण्याआधी टोपीवर दुधाची रिकामी पिशवी बांधायची. दर दसऱ्याला स्वतः बांधतात. यंदा पिशवी खिळ्यालाच लटकत होती.

टोपी जुन्या धोतराने पुसली, उन्हात वाळवली, परत बसवली. संध्याकाळी अप्पांना म्हटलं, "एकदा किल्ली फिरवून बघा ना." पहिल्याच फटक्यात चालू! केवढे हसले.

सणाच्या गडबडीत विसरले असतील, दुसरं काय? खिळ्यावरची पिशवी काढून मी त्यांच्या हातात दिली. "पुढच्या वर्षी आठवणीने हं, अप्पा."

त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"दूध संपलं का गं?"