अक्काचा 'सरी'

बाई,

तो एक शब्द नीट कळायला आपल्याला नऊ दुपारी लागल्या, तुमचे घोटे सुजले आणि माझा अर्धा तोरा गेला. अर्धाच. उरलेला अजून शाबूत आहे. माझ्या कचेरीत नवी मंडळी आली की सांगतो, "चामराजपेटची ती गल्ली माझ्या कानांनी वाचवली."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. रस्ता रुंद करायचा, त्यासाठी घरांपुढचे दगडी कट्टे काढायचे, आणि लोकांना काय वाटतं त्याचा अहवाल तुम्ही द्यायचा. तुम्ही पुण्याच्या, कन्नड भाजी घेण्यापुरतं. मी निपाणीचा, जेमतेम मॅट्रिक, पण कन्नड पाण्यासारखं. म्हणून मला घेतलंत. मी टेप घेऊन दारोदार फिरलो आणि ऐटीत परतलो. "बाई, सगळी गल्ली 'सरी' म्हणतेय. सरी म्हणजे ठीक आहे. झालं काम."

तुम्ही कॅसेट लावायला सांगितलीत. माझा प्रश्न चाललाय, पलीकडून एक अक्का म्हणतेय, "सरी, सरी." तुम्ही डोळे मिटून ऐकताय. "अहो, तुमचा प्रश्न संपायच्या आत ती सरी म्हणतेय. हा होकार कसा? आपण फोनवर हं हं करतो, तसलं वाटतंय."

मी हसलो. "बाई, कन्नड तुम्हाला येतं की मला?"

"तुम्हालाच. म्हणून तर तुम्ही नुसता शब्द ऐकलात."

दुसऱ्या दिवसापासून आपण अक्काच्या कट्ट्यावर. प्रश्नांचा कागद तुम्ही पिशवीतून काढूच दिला नाहीत. बायका उदबत्त्या वळतायत, काड्या उन्हात पसरल्यायत. तुम्हीही वळायला बसता, तुमची उदबत्ती गाजराएवढी जाड होते, अक्का खोखो हसते. अशाच हसण्यात शेवटच्या दुपारी ती म्हणाली, "अण्णा, कट्टा गेला तर वळायचं कुठे? आत चूल आणि काळोख."

"मग त्या दिवशी सरी का म्हणालात?"

"तुम्ही एवढं बोलत होतात, मध्ये काही म्हणायला नको?"

तिचं वाक्य तुम्ही अहवालात जसंच्या तसं घातलंत. रस्ता समोरच्या गोदामांच्या बाजूने वाढला, कट्टे राहिले. पुढे मी हजारो माणसांना बोलतं केलं, पण स्वतःला न येणाऱ्या भाषेतही 'हा होकार नव्हे' हे ओळखणारं माणूस पुन्हा भेटलं नाही.

तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? राहू दे खणातच. एक तेवढं तुम्हालाच ठाऊक आहे : तुमच्यापुढे कॅसेट लावली तेव्हा पहिला 'सरी' ऐकू आल्याबरोबर, झालं काम म्हणून, मी टेप बंद करायला हात पुढे केला होता. तुम्ही तो धरलात.